अर्धवट राहिलेली भिंत



आपल्यापैकी कित्येक जण नोकरीनिमित्त चर्चगेट स्टेशनवर उतरले असतील. पण ज्या चर्चवरून हे नाव पडले, ते कोणते? मुंबईच्या जुन्या किल्ल्याच्या ज्या दरवाजातून सेंट थॉमस चर्चकडे वाट जाई, तो चर्चगेट. हे मुंबईतले पहिले अँग्लिकन चर्च.

त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. १६७६ च्या सुमारास गव्हर्नर जेराल्ड आँजियर यांच्या काळात चर्चचे काम सुरू झाले. १६७७ मध्ये ते वारले आणि काम थांबले. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे भिंती तशाच उभ्या होत्या. कंपनीचा व्यापार चालू होता, गोदामे भरत होती. देवाचे घर मात्र अपुरे. मग रिचर्ड कॉब नावाचे पाद्री आले. १७१५ साली त्यांनी प्रवचनातून लोकांना जागे केले, वर्गणी जमली आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च उपासनेसाठी खुले झाले.

दगड आधीही होते. उणीव होती ती, हे काम माझे आहे, असे म्हणणाऱ्या माणसांची. बुरूज बांधायला घेऊन तो अर्धवट सोडणाऱ्या माणसाचा दाखला प्रभू येशूने दिला आहे (लूक १४:२८-३०). तो आपल्यालाही लागू पडतो.

१८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह. आपले सर्व शिष्य एक व्हावेत अशी प्रार्थना येशूने केली (योहान १७:२१). पण आपण काय केले? सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये कॅथलिक राणी मेरीच्या राज्यात प्रॉटेस्टंटांना जाळले गेले. तिच्यानंतर कॅथलिक धर्मगुरूंना फाशी दिले गेले. मुंबईतही, सेंट थॉमस खुले झाल्यावर दोनच वर्षांनी, १७२० मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना हद्दपार केले. फुटीच्या भिंती दोन्ही बाजूंनी बांधल्या गेल्या.

मात्र ऐक्याच्या घराचा पायाही घातला गेला आहे. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अँग्लिकन बांधवांचे विशेष स्थान मान्य केले. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी स्वतःची अंगठी आर्चबिशप रॅम्से यांच्या बोटात घातली. १९७० साली नागपूरला अँग्लिकनांसह सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. सेंट थॉमस आज त्यांचेच आहे.

तरीही एका वेदीवरून ख्रिस्तशरीर घेणे आपल्याला अजून शक्य झालेले नाही. त्याचे दुःख आपल्याला होते का, की त्या अर्धवट भिंतीची आपल्याला सवय झाली आहे?

या आठवड्यात एक करा. प्रॉटेस्टंट घरातून आलेली सून, शेजारी किंवा ऑफिसमधला सहकारी यांच्याबरोबर बसून ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना म्हणा. ती दोघांचीही आहे. एक दगड तरी चढेल. पुढचे बांधकाम पवित्र आत्मा करील.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचा धर्मगुरू