लज्जा आणि मौन

लज्जा हा सद्गुण आहे, यांत शंका नाहीं. परंतु ज्या मौनानें जीव जातो, त्या मौनासही लज्जा म्हणावें काय? हा प्रश्न रहिमतपुरासारख्या गांवांतील तरुण भगिनींच्या प्राणाशीं निगडित आहे.

स्तनाचा कर्करोग म्हातारपणींच होतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाहीं. २०२२ सालीं जगांत सुमारें २३ लाख स्त्रियांस हा रोग झाल्याचें आढळलें व सुमारें ६ लाख ७० हजार मरण पावल्या. भारतांतील नव्या रोग्यांची संख्या सुमारें १ लाख ९२ हजार होती. पाश्चात्त्य देशांच्या मानानें आपल्याकडे तो सरासरीनें सुमारें दहा वर्षें आधीं दिसतो. मांडीवर लेकरूं असलेल्या स्त्रियाही त्यांत असतात; आणि तरुण वयांत तो पुष्कळदां अधिक वेगानें वाढतो.

आरंभीं गांठ बहुधा दुखत नाहीं. अंगावर पाजणारी माता ‘दुधाची गांठ असेल’ असें म्हणून गप्प राहते. तरुणपणींच्या बहुतेक गांठी कर्करोगाच्या नसतात, हें खरें. पण कोणती कसली, हें डॉक्टरांनीं तपासल्यावांचून कळत नाहीं. मुंबईंत १९९८ पासून सुमारें दीड लाख स्त्रियांचे दोन गट करून वीस वर्षें पाहणी झाली. एका गटांतील स्त्रियांस शिकविलेल्या सेविका हातांनीं तपासीत. त्या गटांत रोग लवकर सांपडला, व पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यु सुमारें ३० टक्क्यांनीं घटले. पन्नाशीच्या आंतील स्त्रियांत मात्र मृत्यु घटल्याचें निश्चित दिसलें नाहीं. म्हणून तरुणीनें कोणी तपासावयास येईल अशी वाट पाहूं नये. गांठ लागतांच, कातडी ओढली जातांच, किंवा बोंडांतून रक्त येतांच तिनें बोललें पाहिजे.

मग ती कां बोलत नाहीं? नवरा टाकील, सासू नांवें ठेवील, शेजारीण ‘पापाचें फळ’ म्हणेल, हें ती जाणते. तेव्हां दोष तिच्या एकटीचा नव्हे. ज्या घरांत बोलणें हेंच संकट होतें, त्या घरानें त्या मौनाचा अधिक मोठा वांटा उचलावा. जन्मांधाविषयीं ‘पाप कोणाचें?’ असें शिष्यांनीं विचारलें, तेव्हां प्रभूनें तो प्रश्नच मोडून काढला. रक्तस्रावी स्त्रीनें लोकांसमक्ष सर्व सांगितलें, तेव्हां त्यानें तिला लाजविलें नाहीं. तिला ‘मुली’ म्हटलें.

लज्जा ही देहाच्या पावित्र्याची राखणदारीण आहे. पण घरास आग लागली असतां जी मालकिणीलाच आंत कोंडते, तिला इमानी कोण म्हणेल? प्रार्थना अवश्य करावी. परंतु वैद्य लूक हाही प्रेषितांचा सोबती होता, हें विसरूं नये.

रहिमतपुराच्या स्थानकावरून मिरजेस आगगाडी जाते. तेथें डॉ. वानलेस यांनीं १८९४ सालीं रोग्यांच्या सेवेचें काम आरंभिलें. मुंबईस १९४१ पासून टाटा रुग्णालय आहे. मिरजेचा प्रवास कांहीं तासांचा. पण नवऱ्याच्या कानापर्यंतचा प्रवास कधीं कधीं वर्षभर लांबतो. तो जवळ करणें आपल्या हातीं आहे.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या पत्नींनीं व मंडळींतील वडील भगिनींनीं हा विषय स्त्रियांच्या सभेंत काढावा. नवऱ्यांनो, पत्नीनें भीत भीत सांगितलें तर तिला रागें भरूं नका. दुसरेच दिवशीं तिजबरोबर दवाखान्यांत जा. लग्नांत दुखण्यांतही सोबत करण्याचें वचन आपण देवासमक्ष दिलें आहे.