खेकड्याचें घर

लोणावळ्याहून नागफणीकडे जातांना कुरवंडें हें गांव लागतें. येथूनच कोकणांत उतरणाऱ्या घाटानें १६६१ सालीं कारतलबखानाची फौज उंबरखिंडींत गेली व शिवाजीमहाराजांच्या कोंडींत सांपडली. गेल्या आषाढांत या गांवीं गेलों असतां, प्राथमिक शाळेंत जाणाऱ्या एका मुलास मीं सहज विचारलें, "खेकडा कोठें राहतो?" 'पाण्यांत' या उत्तराची माझी अपेक्षा होती. मुलानें लगेच उत्तर दिलें नाहीं, त्यानें मला भातखाचराच्या बांधाशीं नेलें, एक बीळ दाखविलें आणि सांगितलें, "हितं. बांध पोखरतो, म्हणून बा मारतो. आई कालवण करती."

प्राण्यांचे अधिवास शिकविणाऱ्यास यापुढें सांगण्यासारखें काय उरतें? पाणी, माती, भात, खेकडा व माणूस यांचा परस्परसंबंध त्या मुलानें दोन शब्दांत उलगडला होता. अशा संबंधसमूहास 'इकोसिस्टिम' हें नांव टान्स्ले या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानें १९३५ सालीं दिलें. आपण त्यास परिसंस्था म्हणतों. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं पर्यावरण हा विषय शाळांतून सक्तीचा करण्याचा आदेश दिला, तो योग्यच होय. परंतु विषय सक्तीचा केल्यानें त्यांतील नैतिक प्रश्न सुटत नाहीं.

मीं त्या मुलास म्हटलें कीं, या खेकड्यांची मादी अंडीं व पुढें पिलेंहि पोटाखालीं वागविते. तेव्हां अशी मादी तरी सोडून द्यावी. त्यानें विचारलें, "मग बांध फुटल्यावर?" मी निरुत्तर झालों.

कोणी म्हणेल, मुलांस भूतदया शिकवावी, हिशेब मोठ्यांनीं पाहावा. हा पक्ष टाकाऊ नाहीं. बालपणीं न रुजलेली करुणा पुढें क्वचितच रुजते. पण मोठ्यांचा हिशेब कसा आहे? त्या मुलाचा बाप खेकडा मारतो, तेव्हां आपण काय मारलें हें त्यास ठाऊक असतें. मजसारखा शहरवासी खेकड्यास बोटहि लावीत नाहीं. परंतु हवापालटासाठीं त्यास डोंगरावर बंगला हवा असतो, आणि त्यापायीं एखादा ओढा बुजला, तर त्यांतील किती बिळें गेलीं याची चौकशी तो करीत नाहीं. आपला दोष आपणांस न दिसणें हें निर्दोषपणाचें लक्षण नव्हे.

म्हणून माझें मत असें झालें आहे कीं, अधिवासाचा पाठ 'प्राण्यांवर दया करा' एवढ्या उपदेशानें संपवूं नये. याचें घर मोडलें तर कोणाचें काय जाईल, आणि राखलें तर त्याचा खर्च कोणाच्या माथीं बसेल, हा प्रश्न मुलांपुढें ठेवावा. पुण्यामुंबईच्या मुलांपुढें तर तो आधीं ठेवावा. बांधाची तूट शेतकऱ्यानें सोसावी आणि पुण्य आम्हीं घ्यावें, याला दया म्हणतां येत नाहीं. त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर माझ्याकडे अद्याप बाकी आहे.