पदवी, पदनाम आणि नोंदवही

वास्तुकलेच्या शिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यापुढे मान्यताप्राप्त आणि अमान्य अभ्यासक्रमांपैकी कोणता निवडावा, असा जो पेच भारतात उभा राहतो, त्याचे मूळ 1972 च्या वास्तुविशारद अधिनियमात आहे. या अधिनियमाने काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर, म्हणजेच वास्तुकला परिषद, ही वैधानिक संस्था निर्माण केली. परिषदेच्या नोंदवहीत ज्याचे नाव आहे त्यालाच ‘आर्किटेक्ट’ हे पदनाम लावता येईल, असे कलम 37 ने ठरवले. आणि अनुसूचीत समाविष्ट असलेली अर्हता, म्हणजे व्यवहारात पाच वर्षांची बी.आर्क. पदवी, हीच त्या नोंदवहीत शिरण्याची वाट ठरली.

मान्यता हा शब्द येथे काटेकोरपणे वापरावा लागतो, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता, नॅकची श्रेणी आणि वास्तुकला परिषदेची मंजुरी या तीन निरनिराळ्या गोष्टी असून प्रवेशाच्या घाईत पालक त्या सर्रास एकच समजतात. वास्तुकलेच्या शिक्षणाबाबत अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा शब्द अंतिम की वास्तुकला परिषदेचा, हा वाद कोल्हापूरच्या श्री प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाउसच्या वास्तुकला महाविद्यालयाच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2019 मध्ये न्यायालयाने वास्तुकला परिषदेच्या बाजूने निर्णय दिला. अनेक वर्षे संस्थाचालकांनाच जो प्रश्न सुटत नव्हता, तो अठरा वर्षांच्या मुलाने एकट्याने सोडवावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

मात्र अधिनियमाने संरक्षण दिले ते पदनामाला, कामाला नव्हे. मार्च 2020 मध्ये नोएडा प्राधिकरणातील पदांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला: नोंदणी नसलेल्या व्यक्तीला इमारतींची रचना करण्यास कलम 37 मज्जाव करत नाही, फक्त तिला स्वतःस ‘आर्किटेक्ट’ म्हणवता येत नाही. या निर्णयाचा आधार घेऊन पदवीची मान्यता गौण ठरवणे सोपे आहे. परंतु नगरपालिकेत सादर होणाऱ्या नकाशाच्या खालच्या कोपऱ्यातील चौकट पाहिली की या युक्तिवादाची मर्यादा कळते. त्या चौकटीत मालकाच्या सहीजवळ वास्तुविशारदाची सही, शिक्का आणि ‘सीए’ या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, आणि ज्याच्याकडे तो क्रमांक नाही त्याने रात्री जागून आखलेल्या नकाशावरही वास्तुविशारद म्हणून सही दुसऱ्याचीच पडते. काम करण्याची मोकळीक आणि त्या कामाची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेण्याचा अधिकार यांतील हे अंतर आयुष्यभर सलणारे आहे.

मान्यतेच्या विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा इतिहासातून येतो. चंडीगढची आखणी करणाऱ्या ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे वास्तुकलेची विद्यापीठीय पदवी नव्हती. पॅरिसमध्ये ऑग्यूस्त पेरे आणि बर्लिनजवळ पेटर बेरेन्स यांच्या कार्यालयांत काम करता करता ते घडले. खुद्द 1972 च्या अधिनियमानेही अनुभवाचे हे मोल मानले होते, कारण नियत दिनांकापूर्वी किमान पाच वर्षे व्यवसाय केलेल्या भारतीय नागरिकाला पदवी नसतानाही नोंदणीची मुभा त्यात होती. ही सवलत त्या एका पिढीपुरतीच राहिली. अनुभवातून वास्तुविशारद घडतो हे कायद्याने एकदा मान्य करावे आणि पुढच्या पिढ्यांना ती वाट कायमची बंद करावी, यात मोठी विसंगती आहे, आणि दीर्घ अनुभव व कठोर परीक्षा यांच्या बळावर नोंदणीचा पर्यायी मार्ग खुला होणे न्यायाचे ठरेल. परंतु तो मार्ग आज अस्तित्वात नाही, आणि नसलेल्या मार्गाच्या भरवशावर कोणाच्याही मुलाने पाच वर्षे पणाला लावू नयेत.

मान्यता असली म्हणजे शिक्षण उत्तम असतेच असेही नाही. वास्तुकला शिकली जाते ती स्टुडिओत, म्हणजे अभिकल्पाच्या वर्गात, जिथे भिंतीला टाचलेल्या आपल्याच आरेखनासमोर उभे राहून विद्यार्थ्याला जिना तिथेच का, खिडकी पश्चिमेला का, याची उत्तरे परीक्षकांना द्यावी लागतात. परिषदेची तपासणी खोल्या, ग्रंथालय आणि शिक्षकसंख्या मोजू शकते. त्या भिंतीपुढे होणाऱ्या चर्चेचा कस तिला मोजता येत नाही. म्हणूनच परिषदेची मंजुरी ही निवडीतील पहिली अट मानावी, शेवटची मानू नये.

ज्यांच्या घरची ऐपत बेताची आहे आणि ज्यांना चूक परवडणारी नाही, अशा विद्यार्थ्यांनी तर मान्यताप्राप्त बी.आर्क. शिवाय दुसरा पर्याय स्वीकारू नये. पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबून न राहता परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीत त्याच शैक्षणिक वर्षाची मंजुरी आणि मंजूर जागांची संख्या स्वतः पाहावी, आणि एक दिवस महाविद्यालयाच्या स्टुडिओत जाऊन भिंतींवर काय टाचलेले आहे तेही पाहावे.