शापाची सोय

लोट्याला राहणाऱ्या माणसाने वाङ्मयावर मत देऊ नये, असं आमच्या पुण्याच्या नातेवाइकांचं मत आहे. उघड कुणी बोलत नाही. 'अजून वास येतो का हो तिकडे?' एवढंच विचारतात. खेड आणि चिपळूण यांच्या मध्ये, परशुराम घाटाच्या वरच्या अंगाला आमची ही औद्योगिक वसाहत. इथल्या एका रासायनिक कारखान्यात मी तीस वर्षं तीन पाळ्यांमध्ये काढली. वास यायचा, नाही असं नाही. पण वासामुळे कालिदास कळेनासा होतो, असं रसायनशास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. उलट 'शाकुंतल' मी रात्रपाळीतच चारदा वाचलं.

म्हणूनच यंदाच्या मे महिन्यात पुतणी आली आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरून 'काका, हे बघा, मी केलेलं मॅशअप,' म्हणाली, तेव्हा मी जरा सावरून बसलो. मॅश म्हणजे कुस्करणं, एवढं मला बटाट्यामुळे ठाऊक होतं. तिने समजावून सांगितलं. एका सिनेमातलं चित्र घ्यायचं, दुसऱ्यातलं गाणं, तिसऱ्यातला संवाद. कापायचं, जोडायचं आणि आपली नवी गोष्ट करायची.

"म्हणजे काला!" स्वयंपाकघरातून ही म्हणाली. विषय संपला.

चार मिनिटांचा काला होता. शांतारामबापूंच्या १९४३ सालच्या 'शकुंतला'मधली जयश्री, १९६१च्या 'स्त्री'मधली संध्या, मध्येच हल्लीच्या कुठल्याशा चित्रपटातलं कोर्ट आणि खाली धडाधड वाजणारं गाणं. एका शकुंतलेने प्रश्न विचारायचा आणि दुसरीने डोळे पुसायचे. इथवर मी सोसलं. पण दुर्वास आलेच नाहीत! शाप नाही, अंगठी नाही, मासा नाही. राजा भर दरबारात 'मी हिला ओळखत नाही' असं सांगतो, शकुंतला त्याच्याकडे पाहत राहते आणि पडदा काळा होतो.

"अगं, शाप कुठे गेला?"

"कापला."

"का?"

"काका, शाप म्हणजे सबब आहे. तो विसरला नव्हता."

कालिदासाला शिकवायला निघालेली ही वीस वर्षांची मुलगी! पुरावा तोंडावर फेकावा म्हणून मी दुसऱ्याच दिवशी एसटीने घाट उतरून चिपळूणला गेलो. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २०२१च्या महापुरात पाणी शिरून तिथल्या ग्रंथांचं फार नुकसान झालं, तरी वाचनालय पुन्हा उभं राहिलं. महाभारताचं आदिपर्व मागून घेतलं आणि बाकावर बसलो.

तासाभराने मी पुस्तक मिटलं ते कुणी पाहत तर नाही ना, याची खात्री करून. महाभारतात शाप नाही. अंगठी नाही. मासा तर नाहीच नाही. शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते. राजाला सगळं आठवत असतं आणि आठवत असूनही तो 'आठवत नाही' म्हणतो. ती कोसळत नाही. पत्नी म्हणजे काय, पुत्र म्हणजे काय, सत्य म्हणजे काय, हे ती त्याला चांगलं खडसावून सांगते. मग आकाशवाणी होते, तेव्हा हे महाराज म्हणतात, मला माहीत होतंच, पण लोकांना संशय आला असता! म्हणजे पुतणी व्यासांच्या बाजूला उभी होती आणि मी फक्त तावातावाने बोलत होतो.

परतीच्या एसटीत मनाशी कबूल केलं, काला कालिदासानेच केला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतलाचे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, तेव्हा कण्वाच्या आश्रमात साक्या, दिंड्या आणि लावणीच्या चाली घुमल्या. त्या रात्रीही माझ्यासारखा एखादा गृहस्थ खुर्चीत चुळबुळत बसला असेलच. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? आमच्या रत्नागिरीकडच्या नमनात गौळण लागते, तेव्हा मावशी आणि पेंद्या कृष्णाची यथेच्छ टिंगल करतात आणि राधा सिनेमातल्या चालीवर गाते. भागवत बाटलं म्हणून आजवर कुणी उठून गेलेलं मी पाहिलं नाही. ज्या गोष्टीवर जीव जडतो तिला हात न लावता राहवत नाही. नुसतं लांबून बघायला ती काय परीटघडीचा शालू आहे?

तेव्हा काल्याबद्दल माझी तक्रार मिटली. प्रश्न उरला तो शापाचा. कालिदासाने तो घातला हे बरोबर, की पुतणीने काढला हे?

शापाची सोय मोठी आहे. अपराध राहतो, पण अपराधी नाहीसा होतो. म्हणूनच प्रत्येक संसारी पुरुष घरात एक दुर्वास पाळून असतो. कुणाचा दुर्वास म्हणजे ब्लडप्रेशर, कुणाचा ऑफिसातला मार्च महिना. माझा दुर्वास रात्रपाळी.

हिला बघायला गेलो होतो तेव्हा हिने एक नाट्यगीत म्हटलं होतं. पोहे खाऊन मी म्हणालो होतो, 'लग्नानंतर गाणं बंद पडू देणार नाही.' लोट्याला आलो. गाणं शिकवणाऱ्या बाई चिपळूणला, मधे घाट, माझ्या पाळ्या, मग मुलं. 'बघू' म्हणता म्हणता दहा वर्षं गेली. एकदा तिने सहज विचारलं, "तुम्ही तेव्हा काहीतरी म्हणाला होतात ना?" मी वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणालो, "मी? आठवत नाही."

आठवत होतं. पोह्यांत खोबरं होतं हेसुद्धा आठवत होतं.

त्या संध्याकाळी पुतणीकडून ते मॅशअप हिने परत लावून घेतलं. 'मी हिला ओळखत नाही' आलं, तेव्हा माझ्याच्याने राहवेना. पुतणी पाणी प्यायला आत गेलेली पाहून मी म्हणालो, "तेव्हा मला आठवत होतं."

"ठाऊक आहे," ही म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "पण मी मनाशी म्हणायची, रात्रपाळीने विसरले असतील. तुमच्याबरोबरच राहायचं होतं ना."

आजवर मी समजत होतो, कालिदासाने शाप राजाची अब्रू वाचवायला घातला. मग सातवा अंक आठवला. मारीच ऋषी शापाची हकिगत सांगतात, तेव्हा शकुंतलेला हायसं वाटतं, की नवऱ्याने आपल्याला विनाकारण टाकलं नव्हतं. शापाची गरज राजापेक्षा तिलाच जास्त होती. परत त्याच घरात नांदायचं होतं. कालिदासाला तिची कीव आली. पुतणीला तिचा राग कळला. दोघांचाही जीव तिच्यावरच.

पुतणी बाहेर आली. "काकू, शेवट बदलू का? शाप परत घालू?"

"नको. आहे तसाच राहू दे," ही म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आणि अहो, उद्या मासे आणायला तुम्ही जा. तीस वर्षं मी निवडतेय, एकातही अंगठी निघाली नाही."

मी गेलो. सुरमई आणली. हिने ती साफ करता करता काहीतरी गुणगुणायला सुरुवात केली, आणि मी आल्यापासून पहिल्यांदाच वर्तमानपत्र खाली ठेवलं.