पुढच्या चाकाचा तुंबा

दिल्लीत बदलून आलेल्या मराठी माणसाची पावले पहाडगंजाकडे केव्हा ना केव्हा वळतातच. नूतन मराठी शाळा तेथे, बृहन्महाराष्ट्र भवन तेथे. मात्र तेथून फार दूर नसलेल्या झंडेवालानच्या सायकलबाजारात जाण्याचे कारण आपल्यापैकी थोड्यांनाच पडत असेल. मलाही इतक्या वर्षांत पडले नव्हते. गेल्या हिवाळ्यात नोएडाला शिकणाऱ्या माझ्या भाच्याने ते काढले.

निमित्त माझ्या जुन्या अॅटलास सायकलीचे. १९८७ साली येथे रुजू झालो तेव्हा घेतलेली ही काळी सायकल क्वार्टरामागून क्वार्टर बदलत माझ्याबरोबर फिरली. तिच्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या जून महिन्याच्या तीन तारखेला बंद पडला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता. भाच्याला ही सायकल ‘फिक्स्ड गिअर’ करावयाची होती. हा प्रकार थोडा सांगितला पाहिजे. आपल्या नेहमीच्या सायकलीला मागे फ्रीव्हील असते, म्हणून उतारावर पाय स्वस्थ ठेवता येतात. ह्या प्रकारात दातेरी चक्र मागच्या चाकाला पक्के जखडलेले असते. चाक फिरते आहे तोवर पायांना सुट्टी नाही. हे मूळ शर्यतीच्या धावपट्टीवरचे वाहन. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी येथे बांधलेल्या यमुना वेलोड्रोममध्ये अशाच सायकली पळतात, आणि त्यांना ब्रेक नसतो. ह्याचा साधा भाऊ म्हणजे ‘सिंगल स्पीड’: गिअर एकच, पण फ्रीव्हील असलेला. आपल्या वडिलांनी जन्मभर तोच चालवला, त्याला काही नाव असते हे त्यांना ठाऊक नव्हते इतकेच.

मागच्या चाकाचा हब भाच्याने महिनाभर अभ्यास करून निवडला होता. हब म्हणजे बैलगाडीच्या भाषेत चाकाचा तुंबा. फिक्स्ड सायकलीच्या मागच्या तुंब्यावर दोन आटे असतात: एक चक्राचा सरळ, दुसरा ते चक्र उलट जोराने सुटू नये म्हणून घालावयाच्या कड्याचा उलटा. त्यात चूक झाली तर पाय थोपवायला जावे आणि चक्रच सुटून यावे! हे सारे त्याने मला मोठ्या तपशिलाने समजावून दिले. पुढच्या हबचे काय, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “मामा, पुढचा काय, कुठलाही चालेल.”

ह्या ‘चालेल’पाशी मी थबकलो. आपल्या भाषेतला हा शब्द मोठा भाग्यवान आहे. पाहुण्याला चहा चालतो, भाड्याचे घर चालते, अपुरे टिपण ‘सध्या चालेल’ म्हणून पुढे सरकते. त्यात संतोषही आहे आणि हलगर्जीही. म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कोणती ते कळत नाही, आणि पुष्कळदा म्हणणाऱ्यालाही कळत नसते. तुकोबांनी समाधान शिकवले आणि समर्थांनी साक्षेप. आपण दोघांनाही नमस्कार करतो, आणि प्रसंग पडेल तेव्हा ज्याने श्रम वाचतील त्याचा आधार घेतो.

तांत्रिक दृष्टीने भाच्याचे म्हणणे बरोबर होते, हे मला दुकानात गेल्यावर पटले. पुढच्या तुंब्यातून पायाचा जोर जातच नाही. मधे एक आस, दोन बाजूंना कोन, त्यांच्याभोवती वाटीत फिरणारे छर्रे, थोडे वंगण, आणि आरे ओवण्यासाठी भोके पाडलेल्या दोन चकत्या. जुन्या देशी सायकलीला पुढे ३२ आरे आणि मागे ४० असत. ओढण्याचे काम मागच्याचे, म्हणून त्याला आठ अधिक. पुढच्याने फक्त फिरावे आणि भार वाहावा. माझ्या जुन्या हबचे कोन झिजले होते, वाट्या मात्र शाबूत होत्या. कोन आणि छर्रे बदलले की तो पुन्हा नव्यासारखा फिरणार होता.

पण ‘कुठलाही चालेल’ म्हणणारा हा मुलगा काचेच्या कपाटापुढे उभा राहिला आणि त्याची नजर खिळली. रुंद चकत्यांचा, आरशासारखा चकचकीत, बंद बेअरिंगचा एक हब तेथे होता. रुंद चकत्यांचा उपयोग मागे, जेथे जोर पिळून आऱ्यांत उतरतो. पुढे ती बहुतांशी शोभाच. तरीही शोभेचे मला वावडे नाही. अडचण निराळी होती. नवा हब १०० मिलिमीटर रुंदीच्या चिमट्यासाठी केलेला, आणि माझ्या अॅटलासचा चिमटा त्याहून अरुंद. मिस्त्रीने चिमटा हातात घेतला, दोन्ही पाय किंचित फाकवून दाखवले आणि म्हणाला, “फैला देंगे साब, चल जाएगा।”

पोलाद आहे, फाकेल. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण तसे नुसते फाकवले की चिमट्याची टोके समांतर राहत नाहीत, नट एका कडेवर बसतो, आणि आवळला तरी आवळल्यासारखा राहत नाही. भाचा माझ्याकडे पाहत होता. माझ्या तोंडून चटकन नकार गेला, आणि तो इतक्या मोठ्याने की मिस्त्रीने चिमटा खाली ठेवला.

कीर्तनात कैकेयीची कथा लागते. रणात दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ निसटते आणि कैकेयी तेथे आपला हात घालून चाक सावरते. त्याबद्दल मिळालेल्या वरांतून पुढचे सगळे रामायण घडते. बुवा राणीच्या धैर्यावर रंगून बोलत. लहानपणापासून मला प्रश्न पडे तो निराळाच: सकाळी रथ जोडताना ती खीळ कोणी पाहिली होती? कोणी तरी सारथी ‘चालेल’ म्हणाला असला पाहिजे, आणि बोटे मात्र दुसऱ्याची गेली. छांदोग्यात प्राणाला चाकाच्या नाभीची उपमा दिली आहे. सगळे आरे तिच्यात रोवलेले. उपमा थोरच. पण नाभी कितीही उत्तम असो, ती आसावर टिकते ती त्या क्षुद्र खिळीमुळे.

सायकलीत खिळीच्या जागी नट आले, आणि पुढे पान्यावाचून चाक सोडवणारा खटकाही आला. इटलीतल्या तुल्लिओ काम्पान्योलो नावाच्या शर्यतपटूची बोटे १९२७ साली घाटातल्या बर्फात गारठली, चाकाचे नट सुटेनात, आणि त्यातून ही युक्ती निघाली, अशी दंतकथा सांगतात. सोय मोठी, पण खटका नीट न लावल्याने पुढची चाके निसटली, अमेरिकेत खटले झाले, आणि चिमट्याच्या टोकांना चाक अडवणारे उंचवटे आले. सायकलस्वार त्यांची वकिलांच्या नावाने थट्टा करतात. आपण सरकारी माणसे. नियम का जन्मतात हे आपल्याला ठाऊक असते, आणि त्यांची थट्टा का होते हेही. दिल्लीत खटक्याचे चाक रस्त्यावर ठेवून जाणे म्हणजे चोराला पान्याचा त्रास वाचवणे, हा मुद्दा अलाहिदा.

माझ्या नकाराचे कारण भाच्याने बाहेर चहा पिताना विचारले. मग जे आजवर कोणाला सांगितले नव्हते ते मी त्याला सांगितले. मी पुण्यात कॉलेजात असताना एका संध्याकाळी घरीच पंक्चर काढले. पाना शेजाऱ्यांकडे होता. जिना उतरण्याचा कंटाळा केला आणि पुढचे नट हातानेच आवळले. चालेल, सकाळी पाहू. सकाळी मी उठण्यापूर्वी धाकटा भाऊ तीच सायकल घेऊन दूध आणायला गेला. शनिवार पेठेतल्या एका वळणावर चाक खड्ड्यात आदळले, चिमट्यात तिरके होऊन अडकले, आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. गळपट्टीचे हाड मोडले. सगळ्यांनी खड्ड्याला दोष दिला. मीही दिला. त्याचा हात गळ्यात होता तेवढे दिवस त्याच्या शाळेच्या वह्या मी लिहून दिल्या, आणि घरात माझ्या बंधुप्रेमाची वाखाणणी झाली.

वस्तू कोणती घ्यावी ह्याविषयी ‘चालेल’ म्हणणे हा ज्याचा त्याचा संतोष आहे, आणि तो असावा. साधा हब, स्वस्त हब, वडिलांच्या काळचा हब. काही बिघडत नाही. पण तोच हब चिमट्यात बसवताना तो शब्द आपल्या मालकीचा उरत नाही, कारण त्यावर बसणारा कोण हे आपल्याला ठाऊक नसते. एकाच विताएवढ्या आसावर मधे तुकोबा आणि दोन टोकांना समर्थ, असे मी भाच्याला म्हणालो. तो हसला. त्याने जुना हब ठेवला. कोन आणि छर्रे नवे घातले. पुढच्या ब्रेकवरून मात्र आमचा तासभर वाद झाला, कारण धावपट्टीवरच्यासारखी बिनब्रेकची सायकल त्याला रस्त्यावर हवी होती. थांबताना सारा भार पुढच्या चाकावर येतो, मागचे हलके होते, नुसत्या पायांनी थोपवणे तेवढे लांबते, हे तो माझ्याहून चांगले जाणतो. तरी ब्रेक लावला तो माझ्यासाठी, असे त्याने बजावले.

निघताना त्याने पाना घेऊन दोन्ही नट स्वतः आवळले, आणि खाली मान घालूनच विचारले, “मामा, धाकट्या मामाला हे ठाऊक आहे?”

नाही, असे मी म्हणालो. हा अंक पुण्याला त्याच्याकडे टपालाने जातो.