सात लाखांच्या आघाडीतलं एक मत

22 एप्रिल 2024 रोजी सुरत लोकसभा मतदारसंघाचा निकाल मतदानाआधीच लागला. काँग्रेसच्या नीलेश कुंभाणींचा अर्ज सूचकांच्या सह्यांवरून बाद झाला, उरलेल्यांनी आपापले अर्ज मागे घेतले आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार झाले. त्याच शहरातल्या डिंडोलीत मात्र 7 मे रोजी मतदान झालं. डिंडोलीची महापालिका सुरतची असली, तरी लोकसभेला ती नवसारीत मोडते. 4 जूनला कळलं, की तिथून सी. आर. पाटील 7,73,551 मतांच्या आघाडीने निवडून आले. शेजारशेजारच्या दोन मतदारसंघांत एकीकडे मत द्यायची वेळच आली नाही, दुसरीकडे मतांना तोटा नव्हता. निकालाची धाकधूक मात्र दोन्हीकडे कुणालाच नव्हती. सीआरच्या कारकिर्दीकडे मला याच अंगाने पाहावंसं वाटतं.

चंद्रकांत रघुनाथ पाटील यांचा जन्म 1955 चा, जळगाव जिल्ह्यातल्या पिंपरी अकराऊतचा. तेव्हा जळगाव आणि सुरत दोन्ही मुंबई राज्यातच होते. मधली सीमा पडली 1 मे 1960 ला. ताप्ती व्हॅलीची रेल्वे तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अमळनेर-नंदुरबारची माणसं सुरतेला आणून सोडत होती. अर्थात डिंडोली, लिंबायत, उधना भरले ते बरेच नंतर, यंत्रमाग आणि डाइंग मिलांच्या ओढीने. आज श्रावणात खानदेशातल्या कानबाई देवीचे रोट इथे गावाइतक्याच थाटात होतात, गल्लीत अहिराणी ऐकू येते, आणि महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. मुंबईत ‘परप्रांतीय’ या शब्दावर पिढ्यान्‌पिढ्या राजकारण झालं. इथे तो शब्द आपल्यालाच लागू पडतो, म्हणून आपण तो उच्चारत नाही.

सीआरनीही तो कधी उच्चारला नाही. 1975 मध्ये पोलीस शिपाई, मग शिपायांची संघटना बांधण्याच्या खटपटीपायी निलंबन, 1989 मध्ये भाजपप्रवेश. 1995 ला पक्षाची राज्यात सत्ता आल्यावर औद्योगिक विकास महामंडळाचं अध्यक्षपद. 2008 च्या पुनर्रचनेत नवसारी हा नवा मतदारसंघ झाला, आणि नाव नवसारीचं असलं तरी त्याचा मोठा भाग सुरतेच्या कुशीतला. 2009 ला आघाडी 1,32,643 ची होती. 2014 ला ती 5,58,116 झाली. 2019 ला 6,89,668, त्या वर्षी देशातली सर्वांत मोठी. जुलै 2020 मध्ये ते गुजरात भाजपचे अध्यक्ष झाले आणि 2022 च्या विधानसभेत पक्षाने 182 पैकी 156 जागा जिंकल्या.

गुजरातेतून मराठी माणूस मोठा होण्याची ही पहिली वेळ नव्हे. पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर अहमदाबादचेच. पण ते वकिलीतून, स्वातंत्र्यलढ्यातून आलेले. सीआर आले शिपायाच्या गणवेशातून. दोघांनीही भाषेच्या नावावर मत मागितलं नाही. मुंबईच्या मराठी माणसाने हक्क मागून जे मिळवलं, ते सुरतेच्या मराठी माणसाला न मागता मिळालं, असं म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. सीआर खानदेशी मतांच्या जोरावर मोठे झाले नाहीत, यादीच्या जोरावर झाले. मतदारयादीच्या एकेका पानासाठी पेज समिती, पानावरची साधारण तीस नावं, प्रत्येक नावामागे ओळखीचा कार्यकर्ता: ही बांधणी त्यांनी गुजरातभर नेली. त्यात भाषा येते ती पत्त्याच्या रकान्याइतकीच. प्रामाणिकपणे सांगायचं तर हे मला मुंबईच्या भाषिक डरकाळ्यांपेक्षा बरं वाटतं.

पण या बांधणीचं दुसरं टोकही आहे. एप्रिल 2021 मध्ये, कोविडच्या लाटेत दवाखाने रेमडेसिविरसाठी तडफडत असताना, सुरतेत पक्षाच्या कार्यालयातून पाच हजार इंजेक्शनं वाटण्याचं जाहीर झालं. ती आली कुठून, असं पत्रकारांनी मुख्यमंत्री विजय रूपाणींना विचारलं, तर त्यांनी सीआरनाच विचारा म्हणून सांगितलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. ज्याच्या घरच्याला इंजेक्शन मिळालं, तो उपकार विसरणार नाही, आणि त्याने का विसरावं? प्रश्न असा, की जे सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर मिळायला हवं ते पक्षाच्या दारात मिळू लागलं की नागरिक अर्जदार होतो. अर्जदाराचं काम होतंही, बऱ्याचदा झटपट होतं. फक्त त्याला ‘का नाही झालं’ असं दरडावून विचारता येत नाही.

मताचं वजन आघाडीच्या उलट्या प्रमाणात असतं. 2024 ला सीआरनी राज्यातल्या सगळ्या जागा पाच-पाच लाखांनी जिंकायचं लक्ष्य ठेवलं होतं. ते जमलं चारच ठिकाणी, आणि बनासकांठात काँग्रेसच्या गेनीबेन ठाकोर तीस हजारांनी निवडून आल्या. बनासकांठातल्या मतदाराची दखल त्या वेळी दिल्लीपर्यंत घेतली गेली. डिंडोलीतला माणूस मात्र आपला माणूस केंद्रात जलशक्तिमंत्री झालेला पाहतो, अभिमानाने सांगतोही, आणि तेव्हाच त्याच्या एका मताशिवाय कुणाचंच काही अडत नसतं.

म्हणूनच की काय, बरेच कामगार आपलं नाव गावच्या यादीतून काढत नाहीत. 13 मे 2024 ला नंदुरबार आणि जळगावला मतदान होतं. खानदेशातल्या निवडणुका आल्या की तिकडचे पुढारी सुरतेत मेळावे घेतात, गाड्यांची सोय करतात. ग्रामपंचायतीला तर निकाल पाच-दहा मतांवर फिरतो, आणि सरपंचपदाचा उमेदवार स्वतः डिंडोलीतल्या भाड्याच्या खोलीत चहा घेत बसतो, घरात मतं किती ते विचारतो, आणि पाळी कधी सुटते ते लिहून नेतो.