सेवा आणि योजना

लातूर जिल्ह्यांतील एका लहानशा सेवासंस्थेच्या बैठकीस उपस्थित राहण्याचा योग आम्हांस मध्यंतरी आला. खेड्यांतील स्त्रियांचें आरोग्य हें या संस्थेचें मूळचें काम. पुढील पांच वर्षांची योजना आंखावी म्हणून कार्यकर्ते दोन दिवस एकत्र बसले होते. भिंतीवर मोठमोठे कागद लावून त्यांवर 'ध्येय', 'उद्दिष्टें', 'साध्य' असे रकाने पाडले होते, आणि बाहेरगांवाहून आलेले एक सल्लागार मोठ्या सौजन्यानें एकेकास बोलतें करीत होते. दुपारच्या सुमारास, ज्यांना तेथें सारेच अण्णा म्हणतात असे एक वृद्ध कार्यकर्ते उठून म्हणाले, "रात्रीं कळा येत असलेली बाई दारांत उभी राहिली, तर तिला आधीं तुमचा रकाना विचारायचा का?" सभा हंसली, सल्लागारही हंसले, आणि काम पुढें चालू झालें. परंतु अण्णांचा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता असें आम्हांस तेव्हांही वाटलें व आजही वाटतें.

जो सेवेस निघाला त्यानें ती आधीं मोजावी काय, असा तो प्रश्न आहे. व्यापाऱ्यानें वर्षाचा अंदाज बांधावा, सरकारनें अंदाजपत्रक मांडावें, हें सर्वमान्य आहे. पण दया ही समोरचें दुःख पाहून उपजते. पांच वर्षांनीं उपजणाऱ्या दयेचा हिशेब आज कसा मांडावा? शिवाय फळाची आशा न धरतां कर्म करावें ही शिकवण ज्या समाजाच्या हाडींमासीं मुरली आहे, त्याला 'साध्य' हा रकाना कांहींसा हिशेबी, कांहींसा हलका वाटावा यांत नवल नाहीं. या आक्षेपांत तथ्यांश आहे हें कबूल करूनही तो कोठवर नेतां येतो हें पाहिलें पाहिजे. वेळ, पैसा आणि माणसें हीं मोजकींच असतात. एकाच्या दारीं गेलें कीं दुसऱ्याचें दार राहतें. योजना न करणारा गृहस्थही रोज कोणास तरी नकार देतच असतो. तो कोणास दिला हें त्याला कळत नाहीं इतकेंच. आणि ज्याला दिला त्याला तर मुळींच कळत नाहीं.

आपल्याकडील संस्थांच्या घटना ज्यांनीं वाचल्या असतील त्यांना हें चटकन् पटेल. १८६० चा संस्था-नोंदणीचा कायदा काय किंवा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा काय, दोहोंतही उद्देश लिहून द्यावे लागतात. मग मंडळी गोरक्षणापासून संगणक-शिक्षणापर्यंत पंचवीस उद्देश लिहितात. उद्यां अनुदान कोणत्या नांवानें येईल कोण जाणे, एखादा उद्देश राहून गेला तर पंचाईत! सर्वांस 'हो' म्हणणारी ही यादी दिसावयास उदार दिसते खरी. पण त्या संस्थेच्या दारीं कोणत्या हक्कानें जावें हें तींतून कोणाही गरजूस समजत नाहीं.

योजना आणि नीति यांचा संबंध किती निकटचा आहे हें मराठवाड्यास १९९३ सालीं दिसलें. ३० सप्टेंबरच्या पहांटे, गणपतीचें विसर्जन आटोपून लोक झोंपीं गेले असतां, किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसें गेलीं. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर माळवदाच्या मातीचा भार, अशीं तीं घरें. पिढ्यान् पिढ्या उन्हाळ्यांत ज्यांनीं थंडावा दिला त्यांनींच माणसें गाडलीं. पुढें सरकारनें जागतिक बँकेच्या साहाय्यानें पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आंखला. ५२ गांवें नव्या जागीं वसवावयाचीं ठरलीं, आणि त्यांपैकीं कित्येक गांवें बांधून देण्याचें निरनिराळ्या संस्थांनीं पत्करलें. घराचें मान जमिनीवरून ठरलें: भूमिहीन व अगदीं थोड्या जमिनीचा धनी यांस २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यास ४००, मोठ्या खातेदारास ७५०. ज्यांनीं हा नियम लिहिला त्यांचा हेतु वाईट होता असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याचें मोठें गेलें त्यास मोठें द्यावें, हा भरपाईचा न्याय झाला. पण धरणीनें त्या रात्रीं लहानथोर पाहिलें नव्हतें, आणि योजनेनें तीं जुनीं अंतरें चौरस फुटांत पुन्हां आंखून दिलीं. भरपाई करावयाची कीं गरज भागवावयाची, हा येथें खरा प्रश्न होता. तो तक्त्यांत बसला, आणि तक्त्यांत बसलेली गोष्ट स्थापत्याची समजली जाते, धर्माधर्माची समजली जात नाहीं.

नव्या गांवठाणांत रस्ते रुंद आणि सरळ झाले, घरें ओळीनें उभीं राहिलीं. गल्लीबोळ, वाडे, दाराशीं बांधलेलीं जनावरें, ओट्यावर बसून समोरच्या ओट्याशीं चालणारें बोलणें, हें सर्व ज्या अंतरावर शक्य होतें तें अंतर मात्र नकाशांत राहिलें नाहीं.

किल्लारीचा दुसरा, कमी ठाऊक असलेला भाग आम्हांस याहून विचारणीय वाटतो. जीं घरें पडलीं नव्हतीं, नुसतीं तडकलीं होतीं, तीं लाखावर होतीं. तीं हजाराहून अधिक गांवांत पसरलीं होतीं. छायाचित्रांत हें दुःख येत नाहीं. सबंध गांव बांधून दिलें तर वेशीवर आपल्या नांवाची कमान उभारतां येते. परक्याच्या भिंतींत आरपार दगड बसवून देणाऱ्यानें कमान कोठें लावावी? या घरांची दुरुस्ती सरकारी साहाय्य घेऊन मालकानें स्वतः करावयाची होती, आणि त्याला ती समजावून सांगणारें कोणी तरी हवें होतें. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारानें चाललेल्या 'स्वयम् शिक्षण प्रयोगा'नें हें काम अंगावर घेतलें. गांवोगांवच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' निघाल्या. साहाय्य कसें मिळतें, भिंत बळकट कशी करावी, हें त्यांनीं घरोघर सांगावें आणि लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत पोंचवाव्या अशी रीत पडली. ज्या बाईला गांवच्या बैठकींत बसण्याची सवय नव्हती ती अभियंत्याला प्रश्न विचारूं लागली. पुढें २००१ सालीं कच्छमध्यें भूकंप झाला तेव्हां इकडच्या बायका तिकडच्या बायकांस अनुभव सांगावयास गेल्या. आपण काय करणार नाहीं हें आधीं ठरल्यामुळेंच हें घडूं शकलें असें आम्ही मानतों. घरें बांधून देण्याचा मोह त्या दिवसांत लहान नव्हता.

'व्यूह' हा शब्द हल्लीं सेवासंस्थांच्या भाषेंत फार ऐकूं येतो. शब्द रणांगणावरचा आहे, आणि येथें शत्रु कोण हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं. तरी तो अगदींच अस्थानीं नाहीं. अभिमन्यूला आंत जाण्याची वाट ठाऊक होती, बाहेर पडण्याची नव्हती. त्याच भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनें त्या भागांतील सुमारे १,२०० मुलें शिक्षणासाठीं पुण्यास नेलीं. मूल नेणें म्हणजे धान्य वाटणें नव्हे. पहिलींतलें पोर दहावी होईतों दहा वर्षें लागतात. वर्तमानपत्रांचें लक्ष त्याच्या आधींच उडून जातें. ज्यानें पोराचा हात धरला त्यानें त्या दिवशींच दहा वर्षांची योजना केली, मग ती कागदावर असो वा नसो. अण्णांना आम्ही हेंच विचारूं इच्छितों, कीं दारांत आलेल्या बाईला रात्रीं आंत घेतलेंत हें योग्यच झालें. पण मूल झाल्यावर महिन्यानें तिच्याकडे कोण जाणार आहे?

उलट कांहीं कामांना शेवट नसतो, आणि त्यांना 'साध्य' विचारणें व्यर्थ आहे. नांदेडला हुजूर साहिबाच्या लंगरांत आलेल्या कोणासही तूं कोण म्हणून विचारीत नाहींत. पंगतींत बसावें आणि जेवावें. भूक रोज लागते, म्हणून तें काम रोज नवें असतें. परंतु याच नांदेडांत १९५० सालीं स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेनें पीपल्स कॉलेज निघालें त्याची गोष्ट निराळी. निजामी राजवट जाऊन दोनच वर्षें झालेलीं. मराठवाड्यास रस्ते हवे होते, दवाखाने हवे होते, विहिरी हव्या होत्या. तशा वेळीं महाविद्यालय काढणें म्हणजे त्या दिवशींच्या उपाशी माणसास तूर्त थांब म्हणणें होतें. आम्ही तो निर्णय बरोबर मानतों. मात्र त्या थांबण्याची किंमत ज्यांनीं दिली ते त्या महाविद्यालयाच्या पायरीवर कधीं आले नसतील, हें आठवलें म्हणजे हें मत पूर्वीइतकें निश्चिंतपणें मांडवत नाहीं.

हल्लीं आणखी एक गुंता झाला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांस सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावणें बंधनकारक केलें. पैसा वाढला हें चांगलेंच झालें; पण त्याचें वर्ष मार्चअखेर संपतें, आणि खेड्यांतल्या बाईची पंडुरोगांतून सुटका मार्चअखेर होतेच असें नाहीं. अण्णांच्या संस्थेस एका कंपनीनें शिलाईयंत्रें देऊं केलीं होतीं. संस्थेस दायी हव्या होत्या. यंत्रें घ्यावीं कीं न घ्यावीं यावर त्या बैठकींत तासभर वाद झाला, आणि 'घेऊन ठेवूं, नाहीं कशाला म्हणा' असें म्हणणारे थोडे नव्हते. तीं अखेर परत पाठविण्याचें ठरलें. सल्लागारांनीं याबाबत तोंडही उघडलें नाहीं, हें आम्हांस त्यांच्या सर्व रकान्यांपेक्षां अधिक आवडलें.

दुसऱ्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं अण्णा पुन्हां उठले. त्यांचें म्हणणें असें, कीं रकाने राहूं द्या, पण आणखी एक पाडा आणि त्यांत आपण कोठें जाणार नाहीं तीं गांवें नांवानिशीं लिहा. कोणी म्हणालें, हें लिहिलेलें बाहेर गेलें तर वाईट दिसेल. अण्णा म्हणाले, दिसूं द्या. मग अकरा गांवांचीं नांवें कागदावर आलीं. त्यांतील एका गांवीं संस्थेच्या ताईंनीं मागच्या पावसाळ्यांत पुन्हां येण्याचा शब्द दिला होता, म्हणून तें नांव दोनदां खोडलें गेलें आणि दोनदां पुन्हां लिहिलें गेलें. या अकराही गांवीं कोणी तरी समक्ष जाऊन हें सांगून यावें, चिठ्ठी पाठवूं नये, असें सर्वानुमतें ठरलें. कोणी जावें हें मात्र आम्ही निघेपर्यंत ठरलें नव्हतें.